फळ्यावरचा चौथा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकीला नाही. देवाला तर मुळीच नाही — देवापुढं हात जोडावे लागतात, आणि सगळी भानगड त्या हातांचीच आहे. एकदाच एका माणसाला सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते शेवटी.

आधी मूर्खपणा सांगून टाकते, तो सोपा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, भर वैशाखात, मी एका अख्ख्या वस्तीचं पाणी बंद केलं आणि परत चालू करायला विसरले. विसरले हे खरं हो. बंद मात्र समजून-उमजून केलं होतं. आणि मी कोण? त्या गावची नगराध्यक्ष! हसा, मीही हसते. घरात एकटीच असते, कुणी हसलं की भिंतींनाही जरा बदल.

पण एवढंच असतं तर मी ते कधीच सांगून मोकळी झाले असते. मूर्खपणाचा पुढं किस्सा होतो, लग्नाकार्यात चार बायका खिदळतात. त्या मूर्खपणाच्या मागं जे उभं असतं ना — ते सांगवत नाही. पंचवीस वर्षं मी त्याच्या भोवती फेऱ्या मारतेय, आताही दोनचार मारणारच. धीर धरा.

निमित्त नातीचं झालं. नात पुण्याला राहून स्पर्धा परीक्षा देते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, आणि तो चक्क माझ्यासाठी होता. एरवी पोरं फोन करतात ते आपण जिवंत आहोत का एवढं बघायला. म्हणाली, “आजी, मुलाखतीला विचारतात म्हणे — चांगला मुख्याधिकारी कसा असतो? तू अध्यक्ष होतीस ना? मुद्दे दे.”

मुद्दे! मी पदर खोचला आणि अर्धा तास बोलले. म्हणलं, बाई, अध्यक्ष निवडून येतो आणि मुख्याधिकारी सरकार पाठवतं. अध्यक्षाचा फोटो छापून येतो, गाव मुख्याधिकारी चालवतो — चालवणारा असला तर. चांगला मुख्याधिकारी टाकीत पाणी किती आहे ते बघत नाही, शेवटच्या नळाला किती येतंय ते बघतो. तो ‘नाही’ म्हणतो ते सगळ्यांना एकाच आवाजात म्हणतो. आणि गावात काही बिघडलं की आधी स्वतःकडं बोट करतो. नात भराभर लिहून घेत होती. म्हणाली, “आजी, भारी! हे कुठल्याच पुस्तकात नाही.”

नसणारच. ते एका माणसात होतं. आणि त्या अर्ध्या तासात मी त्याचं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं? नाव घेतलं असतं तर तिनं विचारलं असतं — मग त्यांचं पुढं काय झालं? फोन ठेवला तर चहावर साय धरली होती. दोन खोल्यांचं घर, वर सोसायटीची टाकी, नळ उघडला की पाणी. लातूरच्या बाईला याहून सुख काय पाहिजे? तरी नळ ठिबकला की मी अजून दचकून उठते. पाणी आलं, पाणी आलं — असं आतून कुणीतरी ओरडतं. उठून बघते, आणि घरात सांगायला कुणी नसतं.

तर गाव. नाव सांगत नाही, लातूर आणि नांदेडच्या मधे कुठंतरी धरून चाला. अध्यक्षपद बायकांना राखीव झालं आणि मालकांनी मला उभं केलं. प्रचारात माझ्या फोटोपेक्षा मालकांचा फोटो मोठा होता. निवडून आले तेव्हा मला नगरपालिकेचा जिना कुठून चढतात तेही ठाऊक नव्हतं. पण रुबाब! पहिलं काम काय केलं असेल? खुर्ची बदलली. जुनी करकरायची. नव्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकून घेतला, मोठे साहेब टाकतात तसा. तो रोज धुवायचा म्हणून शिपायाला ताकीद. अकरा दिवसांनी एकदा पाणी येणारं गाव, आणि अध्यक्षीणबाईंचा टॉवेल रोज धुतला जातोय. त्या बाईला आज रस्त्यात गाठलं तर मी तिचा कान पिळीन.

त्याच सुमारास आडे साहेब मुख्याधिकारी म्हणून आले. पस्तिशीचा किडकिडीत माणूस, किनवटकडचा, इस्लापूरच्या जवळच्या कुठल्याशा तांड्यावरचा. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेले. एकदा म्हणाले होते, “ताई, तिथं आंघोळीला हजेरी नंबरानं सोडायचे. माझा नंबर शेवटचा. माझ्यापर्यंत पाणी आलं तर समजायचं, सगळ्यांना मिळालं.” मी तेव्हा “अरेरे” म्हणले आणि चहा मागवला. ऐकलं काहीच नाही.

त्यांनी आल्या आल्या नगरपालिकेच्या फाटकाशी एक काळा फळा टांगला. शाळेत असतो तसलाच. त्यावर चार रकाने आखले. आज पाणी कुठं. किती वेळ. काल काय बिघडलं. आणि चौथा — चूक कुणाची.

रोज सकाळी स्वतः खडू घेऊन लिहायचे. ‘काल कुंभार गल्लीला पाणी अर्धा तास कमी. मोटर जळाली. चूक: माझी, दुसरी तयार ठेवली नाही.’ ‘काल पेठेत गढूळ पाणी. चूक: माझी.’ गाव फिदीफिदी हसलं. आमच्यातले एक सभासद म्हणाले, “साहेब, बायकोनं भाजी खारट केली तरी इथंच लिहिता का?” साहेब खडू झटकत म्हणाले, “न्हाई हो, तिथं बी चूक माझीच निघते.”

हसता हसता लोकांना त्या फळ्याची सवय लागली. शाळेत जाणारी पोरं मोठ्यानं वाचत जायची. म्हातारे वाचून घरी सांगायचे. आज आपल्याकडं पाणी नाही हे कळलं की माणूस शिव्या देतो खरा, पण वाट बघत बसत नाही. कामाला जातो. हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं — लोकांना पाणी हवं असतंच, पण त्याच्या आधी खरं काय ते हवं असतं. एक मात्र सांगते. त्या चौथ्या रकान्यात मी दुसऱ्या कुणाचं नाव कधीही पाहिलं नाही.

आणि शेवटचा नळ. गावाबाहेर माळावर एक वस्ती होती, चढावर. तिथं शेवटचा नळ जनाबाई म्हणून एका बाईच्या दाराशी. माळाचा नंबर असला की साहेब तिथं जाऊन उभे राहायचे. नळाखाली तळहात धरून. पाणी हाताला लागलं की मगच चहा प्यायचे. मी मालकांना म्हणायची, “साहेब हाय का भगत?” मालक म्हणायचे, “चार महिन्यांत हाकलू.” कारण सभासदांचं पोट दुखायला लागलं होतं. आधी ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीला पाणी आधी. आता फळ्यावर जे असेल तेच. मग लोकांनी सभासदाच्या दारात कशाला जायचं? माझ्याही दारात येईनात. तुम्हाला खरं सांगू का? मला ते खुपत होतं. अध्यक्षाच्या ओसरीवर गर्दी नाही म्हणजे कसली अध्यक्ष?

तशात लेकीचं लग्न ठरलं. शुक्रवारी हळद, रविवारी लग्न. मी साहेबांना बोलावून घेतलं, त्या टॉवेलाच्या खुर्चीत बसून. विचारलं, आमच्या गल्लीचा नंबर कधी?

“लग्नानंतरच्या मंगळवारी, ताई.”

“चार दिवस इकडंतिकडं करा की.”

“इकडचं तिकडं करता येतं. पण मग तिकडचं कुठं करायचं?”

तोंड लहान झालं माझं. बाहेर दोन सभासद ऐकत होते. साहेब जाता जाता म्हणाले, घरचं पाण्याचं टिपाड भरलेलं आहे, ते पाठवतो. आणि खरंच गाड्यावर घालून पाठवलं हो. त्यांच्या घरी बायको, दोन लेकरं. मी काय केलं असेल? परत पाठवलं. मुख्याधिकाऱ्याच्या घरचं पाणी अध्यक्षानं प्यायचं? गाडेवाल्याला म्हणलं, साहेबांना सांग, आमाला भीक नको. पाणी हेंदकाळत परत गेलं. रस्त्यावर सांडलेलं मला अजून दिसतं.

शुक्रवार उजाडला. गावात पाणी सोडायचं काम गफूरभाईंकडं. रोजंदारीवरचा माणूस, चार लेकी. त्यांच्या खांद्यावर वॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी असायची, कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ. उन्हात मूठ तापते म्हणून तिला चिंधी गुंडाळलेली. साहेबांचा नियम होता — काम झालं की चावी कचेरीतल्या खुंटीला. कुणाच्या घरी ठेवायची नाही. पण माळाचा नंबर शुक्रवारी आला की बारा वाजता तिकडचा वॉल्व्ह उघडून गफूरभाई नमाजाला जायचे, आणि चावी आमच्या ओसरीवर टेकवून जायचे. वॉल्व्हचं चेंबर आमच्या कोपऱ्यावरच होतं ना. म्हणायचे, “अध्यक्षबी के घर रक्खी सो नगरपालिकामेंच रक्खी.” एवढा विश्वास! त्या विश्वासाचं वजन मी कधी उचलून बघितलं नाही. चावीचं बघितलं.

घर पाहुण्यांनी भरलेलं. नवरदेवाकडून उष्टी हळद घेऊन बायका आलेल्या. लेकीला हळद लावून झाली, आता अंघोळ घालायची, आणि रांजणात तळाला गाळ. विहीणबाई पदरानं वारा घेत हळूच म्हणाल्या, “अध्यक्षाच्या घरी बी पाणी मोजूनच का, हो?” बायका हसल्या. बास. एवढंच. एवढ्यावर मी उठले.

ओसरीवर चावी. बाहेर डांबर वितळायचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. लोखंडी झाकण सरकवलं. आत दोन वॉल्व्ह — एक आमच्या गल्लीचा, एक माळाचा. आमचा उघडला. आठवडाभर रिकामा पडलेला पाइप, आधी नुसती हवा फुसफुसली. मला वाटलं, सगळं पाणी माळाकडंच ओढतंय. मग माळाचा फिरवला. एक आटा, दोन आटे, करत करत पार बसला. मनात म्हणलं, दहा मिनिटं. आपली भांडी भरली की परत उघडू. दहा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय?

गल्लीत नळ सुटल्याची हाळी उठली. बायका कळशा घेऊन धावल्या. “अध्यक्षीणबाईंनी पाणी आणलं!” — आणि मला काय वाटलं सांगू? निवडून आले तेव्हासुद्धा तसं वाटलं नव्हतं. लेकीच्या डोक्यावर पाण्याचा पहिला तांब्या मी ओतला. गाणी सुरू झाली. कुणीतरी मला मधे ओढलं, आणि मी नाचले. भरली पंचेचाळीस इंच कंबर घेऊन नाचले. माळ कुठं, वॉल्व्ह कुठं, दहा मिनिटं कुठं!

तीन वाजता गफूरभाई माळाचं पाणी बंद करायला आले. चेंबरात बघितलं आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी गर्दीतून बघितलं, त्यांनी बघितलं. मी आत गेले, लाडवांचं ताट भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. तेवढंच. त्यांनी ताट घेतलं, कारण हातात दिलेलं ताट खाली कसं ठेवायचं? आमचा वॉल्व्ह बंद करून, चावी खांद्यावर टाकून ते कचेरीकडं गेले. माळाचा उघडून उपयोग नव्हता. टाकी तळाला गेली होती.

दुसऱ्या दिवशी माळावरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकाशी बसल्या. अकरा दिवस वाट बघितलेल्या. आता पुढचं पाणी आणखी अकरा दिवसांनी. जनाबाई पुढं होती. फळ्याकडं हात करून म्हणाली, “साहेब, रोज पाणी लिहून राहिले तुम्ही. आज फळाच पिळून द्या आमाला.” तिची सासू पहाटे लांबच्या विहिरीवर गेली होती. काठावर पाय घसरून पडली, हात मोडला. पुढं तो हात वाकडाच बसला. मला हे ठाऊक आहे, कारण त्या म्हातारीनं नंतर एकदा त्याच हातानं मला नमस्कार केला.

मी वरच्या मजल्यावरून बघत होते. खाली उतरले का? नाही उतरले. घरी लग्न होतं ना, मला वेळ कुठं होता!

साहेबांनी सगळ्या बायांचं ऐकून घेतलं. शहराकडं माणूस पाठवून दुपारपर्यंत एक टँकर माळावर उभा केला. मग खडू घेतला. ‘काल माळावर पाणी गेलं नाही. वॉल्व्ह बंद राहिला. चूक: माझी.’

मी घरी जाताना वाचलं. आणि माझ्या मनात पहिला शब्द कोणता आला असेल? सुटले. अगदी हाच. लग्न थाटात लागलं. साहेब आले, अक्षता टाकल्या, लेकीला “सुखात राहा” म्हणाले. पाण्याचा पेला पुढं केला तर हात जोडून नको म्हणाले.

आता इथं थांबावंसं वाटतं. थांबले तर चालण्यासारखं आहे — एक आगाऊ बाई, एक विसरलेला वॉल्व्ह, एक भला साहेब. किस्सा पुरा. पण मी तुम्हाला किस्सा सांगायला बसलेले नाही.

आठ दिवसांनी सर्वसाधारण सभा लागली. सभासदांना आयतं कोलीत मिळालं होतं. माळावर पाणी गेलं नाही, म्हातारी पडली — एक तर गफूरला काढा, नाहीतर साहेबाला परत पाठवायचा ठराव करा. गफूरभाईंना चावीसकट सभेत बोलावलं. दाराशी उभे होते, मान खाली. कुणीतरी विचारलं, वॉल्व्ह कुणी बंद केला? म्हणाले, “मेरेकू नै मालूम, साब.” पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी चावीकडं बघत होते, दुसरीकडं कुठं बघणार? तिच्या मुठीला नवं कापड दिसलं. पांढरं, निळ्या काठाचं, व्यवस्थित गाठ मारलेलं. मनात म्हणलं, घ्या! लग्न माझ्या घरी आणि आहेर चावीला. अशा वेळीसुद्धा मला थट्टा सुचते, हे माझं असं आहे.

साहेब उठून म्हणाले, “गफूरभाईंचा यात दोष न्हाई. त्यांना हात लावू नका. पाण्याची जबाबदारी माझी आहे.”

मग सगळे माझ्याकडं वळले. अध्यक्षांचं काय म्हणणं?

बघा, मी गप्प बसू शकले असते. ‘चौकशी करू’ म्हणून पुढची तारीख देऊ शकले असते. किंवा — किंवा ते एक वाक्य बोलू शकले असते. माझ्याच घरापुढचं चेंबर, माझेच हात, पाच शब्दांचं काम. समोर दोन माणसं उभी होती, दोघंही माझ्यासाठी अंगावर घेत होती, निदान एक तरी जाणूनबुजून. मी काय केलं? टॉवेलाच्या खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “यात बोलायचं काय राहिलं? साहेबांनी स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहून दिलंय, चूक माझी म्हणून. आणखी कोणता पुरावा पाहिजे?”

हे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाणी चोरलं ते हळदीच्या धुंदीत, अपमानाच्या भरात म्हणता येईल. हे मी थंड डोक्यानं बोलले. गावात एकच माणूस असा होता की जो आपली चूक उघड्यावर लिहायचा, आणि मी त्याचं तेच लिहिलेलं उचलून त्याच्या गळ्यात बांधलं. घाबरून? हो, घाबरूनच. पण तेवढंच होतं का? ते परत पाठवलेलं टिपाडही होतं त्यात. ‘तिकडचं कुठं करायचं’ होतं. माझी रिकामी ओसरी होती.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही; त्यांचा हिशेब सोपा होता. ज्याचं नाव लिहिलंय त्यानं जायचं. म्हणाले, “ताई म्हणतात ते बरोबर आहे. अक्षर माझंच आहे.” ठराव बिनविरोध झाला. मी सही केली, पल्लेदार.

पंधरा दिवसांत त्यांना हलवलं. मागं खात्याची चौकशी लागली, बढती रखडली, असं कानावर येत राहिलं. मी ऐकत राहिले. जायच्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी फळा लिहिला होता — आज पाणी कुठं, किती वेळ. चौथा रकाना कोरा ठेवला आणि खडूचा तुकडा फळ्याच्या काठावर. तो तुकडा पुढं कुणी उचलला नाही. आठवडाभर फळा कोरा. मग त्यावर कुणाच्यातरी दहाव्याची सूचना आली, मग साड्यांच्या सेलची जाहिरात. पाणी पुन्हा ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीत जायला लागलं. माझी ओसरी पुन्हा भरली. जनाबाईच्या नळाला गंज चढला. नवे मुख्याधिकारी आले, ते टाकीवर जाऊन फोटो काढून घ्यायचे. शेवटच्या नळाखाली हात धरून उभं राहिलेला साहेब पुन्हा कुणी बघितला नाही.

गफूरभाई पुढं सात वर्षं जगले. रोज सलाम करायचे, “अध्यक्षबी” म्हणायचे, मी अध्यक्ष राहिले नव्हते तरी. एकदाही विषय काढला नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या घरी बसायला गेले होते. त्यांच्या बायकोनं पाण्याचा पेला दिला. मी तो हातात धरून बसले, आणि उठताना तसाच ठेवून आले.

मग मालक गेले. लेक सोलापूरला, तिच्या संसारात. मी गाव सोडून लातूरला या दोन खोल्यांत आले. आणि एक गोष्ट कळली, जी तेव्हा कुणी सांगितली नव्हती. लपवलेली गोष्ट माणसाला एकटं पाडते ते लोकांपासून नव्हे हो. लोक येतात, चहा पितात, जातात. पण येणाऱ्या प्रत्येकाला मी थोडी कमीच भेटते. नातीलासुद्धा फोनवर अर्धीच भेटले. उरलेली इथं, चेंबरच्या झाकणाशी वाकून बसलेली.

आता शेवटचं.

मागच्या थंडीत नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात गेले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवायला. बाहेर ही गर्दी. किनवट, माहूरकडून आलेली माणसं, शिरूर अनंतपाळकडची माणसं, सगळ्यांची ढकलाढकली. तेवढ्यात एक म्हातारा उठला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि काहीएक अधिकार नसताना रांग लावायला लागला. “लांबून आलेले पुढं बसा. ज्यांची गाडी लवकर हाय ते आधी.” कुणीतरी खेकसलं, “तुम्ही कोण?” म्हणाला, “कुणी न्हाई. माझा नंबर शेवटचा हाय, म्हणून मला दिसतंय.” लोक गुमान बसले.

डोळ्यांना धुकं होतं, पण कानांना नव्हतं.

सगळे बसल्यावर ते माझ्या शेजारच्या बाकड्यावर येऊन टेकले. मी म्हणाले, “साहेब, वळखलं का?” त्यांनी चांगला डोळा वळवून बघितलं. “ताई,” म्हणाले, आणि हसले. निवृत्त झाले होते. इस्लापूरलाच असतात, शेती बघतात. इकडचं तिकडचं झालं. आत कुणाचातरी नंबर पुकारला.

आता नाही तर कधी? मी पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाले, “साहेब, त्या शुक्रवारी वॉल्व्ह —”

त्यांनी हात वर केला. जरासाच. पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. जसंच्या तसं लिहिते:

“लेक सुखात हाय ना, ताई? त्या दिवशी चावीच्या चिंधीला तिची हळद लागली होती. लग्न व्हायचं होतं अजून, म्हणून ती चिंधी सोडून मी माझा रुमाल बांधला, आन मग फळा लिहायला गेलो.”